कॅमेऱ्याचे शॉट आणि त्यांचा वापर : कोल्हापुरातल्या शॉर्टफिल्मवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलामुलींबरोबर मी गेली काही वर्षं कॅमेऱ्यावर काम करतोय. उद्या सकाळी शूट असलं की आदल्या रात्री अकराला व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात, आणि ते बहुतेक तेच तेच असतात. ते इथं एकत्र केलेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. सर, शॉट, सीन आणि टेक यांत फरक काय?

कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे रेकॉर्ड झालं तो टेक. त्यातला एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंत पडद्यावर राहिलेला तुकडा म्हणजे शॉट. एका जागी, एका वेळेत घडतं तो सीन. जागा किंवा वेळ बदलली की नवा सीन. क्लॅपवर तिन्ही आकडे लिहायचा कंटाळा करू नका, एडिटला बसणारा तुम्हाला दुवा देईल.

२. लाँग, मिड, क्लोज म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

माप माणसाच्या अंगावरून घेतात. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसला की लाँग शॉट. माणूस मुंगीएवढा आणि परिसरच मोठा दिसला तर एक्स्ट्रीम लाँग. कमरेपासून वर मिड, छातीपासून वर मिड क्लोज, खांद्यापासून वर क्लोजअप. नुसते डोळे किंवा नुसतं बोट असेल तर टाइट क्लोज. मांडीच्या मध्यापासून वरच्या शॉटला ‘अमेरिकन’ म्हणतात, कारण त्यांच्या वेस्टर्न चित्रपटांत कमरेचं पिस्तूल फ्रेममध्ये यायला हवं असायचं.

फ्रेमची खालची कड बरोबर सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर, घोट्यावर किंवा मनगटावर ठेवू नका. माणूस तिथून तोडल्यासारखा दिसतो. थोडं वर किंवा थोडं खाली घ्या.

ही मापं सेटवर एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून आहेत. कुणाचा मिड थोडा सैल असतो, कुणाचा आवळलेला. दोघांचं जुळत नसेल तर हाताने स्वतःच्या छातीवर रेघ दाखवा, वाद संपतो.

३. क्लोजअप कधी घ्यायचा? आमच्या फिल्ममध्ये सगळेच क्लोजअप झालेत असं सगळे म्हणतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मोबाइलवर शूट करताना चेहरा मोठा घ्यायची सवय लागते. मागचा पसारा लपतो, लाइट कमी लागतो. पण पहिल्याच मिनिटाला कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला, तर दहाव्या मिनिटाला, जेव्हा खरंच जवळ जायचं असतं, तेव्हा जायला जागाच उरत नाही.

मी मुलांना एकच विचारतो, ‘या क्षणी बघणाऱ्याला असं काय कळायला पाहिजे, जे लांबून कळत नाही?’ उत्तर मिळालं तर जवळ जा.

उदाहरण सांगतो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसलाय. लाँगमध्ये तो कुणीही असू शकतो, पेन्शनर, शेतकरी, कुणाची तरी वाट बघणारा. मिडमध्ये त्याची मान दिसते, बसल्या बसल्याही ताठ. आणि मग क्लोजमध्ये त्याचा कान दिसतो, वळकटी पडलेला, मोडलेला. कोल्हापुरात तो कान बघून कुणाला काही सांगावं लागत नाही. या माणसाने ऐन उमेदीत आखाड्यात माती खाल्ली आहे, लोकांना चारली आहे. तो कान पहिल्याच शॉटला दाखवला असता तर ती नुसती माहिती झाली असती.

नटाने क्लोजअपमध्ये चेहऱ्यावर किती करायचं, हेही याला धरूनच विचारलं जातं. फार कमी. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सुपाच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. बघणाऱ्यांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. आधी काय दाखवलं त्यावर चेहऱ्याचा अर्थ ठरतो. म्हणून क्लोजअपच्या आधीचा शॉट कोणता, हे क्लोजअपइतकंच विचारपूर्वक ठरवा. आणि चेहरा दाखवायचाच नसेल तर प्रश्न १५ बघा.

४. एस्टॅब्लिशिंग शॉट घ्यावाच लागतो का? आम्ही रंकाळ्याचा ड्रोन शॉट ठेवलाय.

घ्यावाच लागतो असं नाही. सीन कुठं चाललाय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. ते काम आवाजही करतो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार भांड्यात पडल्याचा आवाज आणि एक क्लोज, एवढ्यात जागा कळते. काही वेळा जागा मागाहून दाखवणं जास्त चांगलं. आधी दोन चेहरे, कुजबुज, आणि नंतर लाँग शॉटमध्ये कळतं की हे दोघं मयताच्या घरात बसलेत.

रंकाळ्याबद्दल मनापासून सांगतो. मला तो तलाव जिवापाड आवडतो, पण तुमची गोष्ट राजारामपुरीतल्या एका खोलीत घडत असेल तर वरून रंकाळा दाखवून बघणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्या खोलीचा जिना दाखवा.

ड्रोन उडवायचाच असेल तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे ‘गावाबाहेर आहे, चालतंय’ असं धरून चालू नका.

५. ओव्हर द शोल्डर आणि सजेशन एकच का? आणि तो कधी सोडायचा?

एकच. युनिटवर ‘सजेशन ठेव’ म्हणतात तेव्हा समोरच्या माणसाचा खांदा, कान किंवा केस फ्रेमच्या कडेला राहू दे असा अर्थ असतो. सजेशन असलं की दोघं एकाच जागेत, एकमेकांच्या पकडीत आहेत असं वाटतं. ते काढून एकेकट्याचा क्लोज घेतला की मध्ये काहीतरी तुटतं.

दोन भाऊ मिसळ खायला बसलेत, शेताच्या वाटणीचं बोलणं चाललंय. सुरुवातीला दोन्हीकडून सजेशन ठेवा. रस्सा परत मागवणं, पाव मोडणं, सगळं एकत्र. मग धाकटा मान वर न करता विचारतो, ‘दादा, हीर कुणाकडं?’ इथून पुढं सजेशन काढा. थोरला एकटा फ्रेममध्ये, धाकटा एकटा फ्रेममध्ये. संवाद तेच, टेबल तेच, पण आता ते दोन घरं झालेत. हे ठरवायचं काम सेटवर ऐन वेळी होत नाही, संवादाचा कागद हातात घेऊन आदल्या दिवशीच पेन्सिलने खूण करून ठेवा.

६. लाइन क्रॉस झाली म्हणतात म्हणजे काय झालं?

बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये एक रेघ आहे असं समजा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे १८० अंशांच्या आत. मग सगळ्या शॉटमध्ये थोरला उजवीकडे बघतो आणि धाकटा डावीकडे, दोघं एकमेकांशी बोलताना दिसतात. कॅमेरा पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलतायत.

पलीकडे जायचंच असेल तर वाटा आहेत. कॅमेरा शॉटमध्येच हलत हलत पलीकडे जाऊ दे. किंवा पात्र उठून जागा बदलू दे. किंवा मध्ये थेट रेघेवरून, समोरून घेतलेला शॉट टाका. एखादा कटअवेही चालतो (प्रश्न ७). पंगतीला किंवा गप्पांना चौघं-पाचजण बसले असतील तर प्रत्येक जोडीची वेगळी रेघ होते. अशा वेळी त्या सीनमध्ये कुणाचं कुणाशी वाजलंय ते ओळखा, त्या दोघांची रेघ पाळा, बाकीच्यांनी आपापली नजर तिच्याप्रमाणे लावायची.

७. इन्सर्ट आणि कटअवे यांत आमचा नेहमी गोंधळ होतो.

चाललेल्या क्रियेचाच बारकावा जवळून दाखवला तर इन्सर्ट. क्रियेच्या बाहेरचं काही दाखवलं तर कटअवे.

गुळाच्या गुऱ्हाळावर शूट करताय असं समजा. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतोय, गूळ करणारा गुळव्या मळी काढतोय. तो पाकाचा थोडा भाग गार पाण्यात सोडतो, बोटांनी चाचपतो आणि गोळी बनली की नाही ते बघतो. त्या बोटांचा क्लोज हा इन्सर्ट. तो नसेल तर पुढं काहील एकदम उतरवायची धावपळ का सुरू झाली ते शहरातल्या बघणाऱ्याला कळणारच नाही. आणि काहिलीखालच्या चुलवणात जाळायला चिपाड टाकणारा माणूस, बाहेर वाळत पडलेली चोयट्या-पाचट, ढेपेभोवती घोंघावणाऱ्या माशा, हे सगळे कटअवे. एडिटमध्ये वेळ कापायला यांच्याइतकी मदत कशाचीच होत नाही.

एक सावधगिरी. थंडीत पहाटे गार कॅमेरा थेट काहिलीच्या वाफेत नेला की लेन्सवर बाष्प धरतं. माझा एका पहाटेचा अख्खा पाऊण तास त्यात गेला आणि तोवर पाक गार करायच्या वाफ्यात ओतून झाला होता. बॅगेतून काढून कॅमेरा आधी वीसेक मिनिटं गुऱ्हाळाच्या उबेत, पण वाफेपासून लांब ठेवा.

८. कुस्ती शूट करायची आहे. गोल मैदानात १८० अंशांची रेघ पाळायची कशी?

पाळता येत नाही अशी तक्रार खासबागेच्या कुस्ती मैदानात शूट केलेला प्रत्येकजण करतो, आणि त्यात तथ्य आहे. शाहू महाराजांच्या काळात बांधलेलं ते मैदान वाडग्यासारखं आहे. मधे आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली माणसं. पैलवान तर खडाखडी सुरू झाली की क्षणाक्षणाला फिरतात. दोघांमधली रेघ घड्याळाच्या काट्यासारखी गरगरते.

मी पहिल्यांदा दोन कॅमेरे समोरासमोर ठेवले होते. वाटलं, काहीच सुटणार नाही. एडिटमध्ये एका कॅमेऱ्यावर डावीकडून रेटा देणारा गडी दुसऱ्यावर उजवीकडून येताना दिसायला लागला. ते बघून एका वस्तादांनी मला विचारलं, ‘ह्यो खाली कवा गेला?’ तो खाली गेलाच नव्हता. मी रेघ ओलांडली होती, आणि कुस्ती समजणाऱ्या माणसाचीसुद्धा मी फसगत केली होती. ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी पैलवानांची रेघ सोडून मैदानाची रेघ धरतो. आखाड्याचा एक व्यास मनात आखायचा आणि सगळे कॅमेरे त्याच्या एकाच अर्ध्या भागात ठेवायचे. दोन कॅमेऱ्यांमध्ये साठ-सत्तर अंशांचं अंतर भरपूर झालं. मागे एक ठरलेली खूण फ्रेममध्ये येत राहू दे, हलगीवाला, पंचांची बैठक, काहीही. बघणाऱ्याला मग दिशा कळते. दोघांच्या लांगेचा रंग वेगळा असेल याची आधी खात्री करा. तुमच्याच फिल्मची कुस्ती असेल तर ते तुमच्या हातात आहे. माती अंगावर चढली की दहा मिनिटांत दोघं सारखेच दिसतात.

पलीकडच्या प्रेक्षकांचे चेहरे हवे असतील तर ते कुस्तीच्या आधी किंवा नंतर वेगळे घ्या आणि कटअवे म्हणून वापरा.

९. लो अँगलने माणूस मोठा आणि हाय अँगलने लहान दिसतो, हे नेहमी खरं असतं का?

नेहमी नाही. खासबागेत सगळं गाव पैलवानाकडे वरूनच बघतं, म्हणून तो कुणाला लहान वाटत नाही. वरून घेतलेल्या शॉटमध्ये तो मैदानाचा मध्य होतो, हजारो नजरा त्याच्यावर एकवटतात. उलट खाली बसून घेतलेल्या शॉटमध्ये मागे नुसतं आभाळ आलं तर माणूस एकटाही वाटू शकतो. अँगल एकटा बोलत नाही, फ्रेममध्ये बाकी काय आहे त्याच्याबरोबर तो बोलतो. लहान मुलाची गोष्ट असेल तर कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला ठेवा. मग मोठी माणसं आपोआप लो अँगलमध्ये येतात आणि त्यांची भीती वेगळी दाखवावी लागत नाही.

१०. झूम आणि ट्रॉली यात फरक काय? झूममध्ये भागतंय की.

झूममध्ये कॅमेरा जागेवरच असतो, चित्र फक्त मोठं होतं. पुढचं-मागचं सगळं सारख्याच प्रमाणात. ट्रॉलीत कॅमेरा खरंच पुढे सरकतो, त्यामुळे जवळच्या वस्तू झपाट्याने मागे पडतात आणि लांबच्या सावकाश. महाद्वार रोडवरून देवळाच्या दिशेने चालताना दोन्ही बाजूंची दुकानं अंगाजवळून सरकतात, ते झूममध्ये कधीच मिळत नाही. झूम म्हणजे लांबून रोखून बघणं, ट्रॉली म्हणजे पावलं टाकत जाणं. पात्र मनाने पुढे जात असेल तर ट्रॉली. कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून असेल तर झूम.

ट्रॉलीला पैसे नसतील तर व्हीलचेअर उत्तम. हातगाडा चालतो, पण चाकांची हवा थोडी कमी करा आणि रस्ता आधी झाडून घ्या.

११. पॅन आणि टिल्ट किती हळू करायचा?

पॅन म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा फिरवणं, टिल्ट म्हणजे खाली-वर. सुरू होताना आणि संपताना कॅमेरा दोन-तीन सेकंद स्थिर पाहिजे, नाहीतर कट करायला जागा मिळत नाही. वेगाचं म्हणाल तर किरणोत्सव आठवा. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आधी अंबाबाईच्या चरणांवर पडतात आणि मग वर सरकत मुखापर्यंत जातात. त्या काही मिनिटांत गर्दीतलं कुणी चुळबुळ करत नाही. टिल्ट अप म्हणजे तेच. वर काय आहे याची ओढ लागली पाहिजे, आणि वर पोचल्यावर तिथं बघण्यासारखं काहीतरी पाहिजे. नुसत्या इमारतीवर खालून वर कॅमेरा नेऊन आभाळात सोडून देण्यात अर्थ नाही. गर्दीत उभं राहून एकदा डोळ्यांनीच बघून या. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

१२. मोबाइलवर क्लोजअप घेतला की हिरॉइनचं नाक मोठं दिसतं. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही फार जवळ गेलाय. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो, म्हणून चेहरा भरायला तुम्ही हातभर अंतरावर जाता. तिथून नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ येतं. पाच-सहा फूट मागे या आणि दुसरी, टेलीची लेन्स वापरा. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग कापायचा ते ठरवते. मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीची ब्लॉक, म्हणजे झूम नसलेली लेन्स पोर्ट्रेटला आवडते त्याचं कारणही हेच, ती तुम्हाला मागे उभं राहायला लावते.

१३. एकाच माणसाचे मिड आणि क्लोज जोडले की चित्र उडी मारतं. का?

कॅमेरा दोन्ही वेळेला जवळजवळ त्याच जागी होता म्हणून. दोन शॉटमध्ये निदान ३० अंशांचा कोन बदला आणि मापही ठळक बदला. मिडवरून मिड क्लोजला जाऊ नका, सरळ क्लोजला जा. कट हालचालीवर करा, माणूस कप उचलताना, मान वळवताना. उडी मुद्दाम हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती एकदाच येऊन चालत नाही, नाहीतर चूकच वाटते.

१४. मूकपटाच्या काळात हे शॉट होते का? बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः बनवला हे खरं?

खरं आहे, आणि या गावात शूट करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला वाटतं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून ‘पेंटर’. सिनेमाचा कॅमेरा आपणच करायचा असं दोघांनी घेतलं होतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यातूनच उभी राहिली, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढं १९२९ मध्ये तिथंच घडलेल्या माणसांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज दिसतो, एकदा थांबून बघा.

क्लोजअप त्याच्याही आधीचा. इंग्लंडात ब्रायटनला जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १९०० मध्येच भिंगातून दिसणारा डोळा पडदाभर दाखवला होता. पण सुरुवातीच्या बऱ्याच चित्रपटांत कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसलेला असायचा. बाबूराव चित्रकार होते. ते पटकथेबरोबर प्रसंगांची चित्रं काढत, रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले सेट लावत, कृत्रिम प्रकाश वापरत. ज्याला आपण आज स्टोरीबोर्ड म्हणतो ते काम इथं शंभर वर्षांपूर्वी हाताने होत होतं. चित्र येत नाही म्हणून स्टोरीबोर्ड करत नाही असं मुलं सांगतात. काड्यांची माणसं काढा, चालतं. डोकं फ्रेमच्या कुठल्या भागात आहे एवढं कळलं तरी पुरे.

१५. रडण्याचा सीन पाठमोरा दाखवला तर चालेल का? दिग्दर्शक म्हणतोय चेहरा पाहिजेच.

चालेल, आणि कधी कधी तोच जास्त लागतो. प्रश्न ३ मधलं मोजमाप इथंही लावा. जवळ गेल्याने असं काय कळणार आहे जे लांबून कळत नाही? माणूस रडतोय हे बघणाऱ्याला आधीच माहीत असेल तर चेहरा नवं काही देत नाही.

एका मुलाच्या फिल्ममध्ये आजोबांचं गुऱ्हाळ बंद व्हायचं होतं. शेवटचा प्रसंग असा : काहील रिकामी झालीय, सगळे गेलेत, आजोबा एकटेच तिच्या बुडाला चिकटलेलं खरवडतायत. मिड लाँग, पाठमोरे. उलथन्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्या थांबण्यात सगळं होतं. दिग्दर्शकाला चेहरा हवा होता, मला पाठ. आम्ही दोन्ही घेतले आणि एडिटमध्ये त्यानेच पाठ निवडली.

तुम्हीही दोन्ही घ्या. पाठमोरा आधी घ्या, नट ताजा असताना, मग त्याच दमात समोर येऊन एक क्लोज. लाइट बदलायला लागला तरी घ्या. फेब्रुवारी-मार्च सरला की गुऱ्हाळं थंड होतात, आणि राहिलेल्या एका शॉटसाठी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागतं.